चाक कोणाकडे आहे?

आमच्या तळ्याच्या गेटचं चाक तालुक्याच्या गावी, एका कार्यालयाच्या कपाटात होतं. तळं इथे आणि चाक तिथे, मध्ये सत्तावीस किलोमीटर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, भारी म्हणजे उशिरा येणारा धान निसवायला आलेला, आणि पावसानं पंधरा दिवस तोंड दाखवलं नव्हतं. बांध्यांना, म्हणजे धानाच्या वाफ्यांना, भेगा पडायला लागल्या होत्या. तळ्यात मात्र पाणी होतं. भरपूर नसेल, पण एका पाळीपुरतं नक्की. चार जण दोन मोटारसायकलींवर चाक आणायला गेले. साहेब दौऱ्यावर, कपाटाची किल्ली बाबूंकडे, बाबू रजेवर. चाक आलं तिसऱ्या दिवशी. तोवर तळ्याला लागून बांध्या असलेल्या दोघांनी डिझेल इंजिन लावून आपापलं भागवून घेतलं होतं. चाक आणायला गेलेल्या चौघांपैकी एकाची बांधी पाटाच्या शेवटच्या टोकाला. त्या वर्षी त्याच्या खळ्यात दाण्यापेक्षा पोचटच जास्त निघालं.

गेट त्याच उन्हाळ्यात नवं बसवलेलं होतं. कामाची पाटी लागली होती, तिच्यावर रक्कम होती, फोटो निघाले होते. चाक काढून नेलं ते चोरीला जाऊ नये म्हणून, आणि त्यात साहेबांचं फार चुकलं असंही म्हणता येत नाही. लोखंड भंगारात विकणारे आमच्यातलेच. पण तेव्हापासून पाण्याच्या कुठल्याही योजनेचं नाव निघालं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो चाकाचा. किती टीएमसी, किती बंधारे, किती किलोमीटर खोलीकरण हे नंतर बघू. पाणी कमी पडलं त्या दिवशी गेट उघडायचं की नाही, आणि उघडलं तर आधी कोणाला, हे कोण ठरवणार? ज्याला हे ठरवता येतं तो त्या कार्यक्रमाचा पुढारी, आणि बाकीचे सगळे ठेकेदार, असं माझं मत बनलं आहे. आपल्याकडच्या पाणी-कार्यक्रमांना बांधणारे पुढारी खंडीभर मिळाले. वाटणारे मिळाले नाहीत, कारण ते घडवायला कोणी पैसाच ठेवला नाही.

आम्ही झाडीपट्टीतले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मालगुजारी तलाव म्हणजे मामा तलाव, पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यात असलेली तळी, सहा हजारांहून जास्त आहेत. पाऊस आमच्याकडे बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाला आमचं रडगाणं नाटकी वाटतं. पण धानाला पाणी लागतं ते वर्षाच्या सरासरीनं नाही. रोवणा म्हणजे लावणी लांबली तर पऱ्हे म्हणजे रोपं म्हातारी होतात, आणि निसवताना शेवटचं एक पाणी हुकलं तर आधीचे अकराशे मिलिमीटर वाया. हे शेवटचं पाणी हातात असावं म्हणूनच गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या मंडळींनी ही तळी बांधली. जो तळं बांधील त्याला त्याखालची जमीन, असा राजाचा व्यवहार होता. नवेगाव बांध त्यातलाच, कोलू पाटील कोहळी यांचं नाव त्याला आजही जोडून घेतलं जातं.

जुन्या तळ्याचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायची जागा, ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं थांबतो. पाळीच्या, म्हणजे तळ्याच्या बांधाच्या पोटात, पाण्याच्या बाजूला, दगडी पायऱ्यांसारखी बांधणी असते. प्रत्येक पायरीला एक भोक, भोकात लाकडाचा खुंटा, चिंध्या आणि चिखल लावून घट्ट बसवलेला. पाणी वर असेल तेव्हा वरचा खुंटा काढायचा, पाणी उतरलं की त्याखालचा. खुंटा काढायला माणूस पाण्यात उतरतो, कधी बुडी मारतो. म्हणजे पाणी सोडणं ही चोरून, एकट्यानं, रात्री करायची गोष्टच नव्हती. अर्ध्या गावाला दिसायचं कोण उतरलं, कितवा खुंटा काढला, आता खाली किती खुंटे उरले. तळ्याचा हिशेब तळ्यातच लिहिलेला होता आणि तो वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. आमच्या तळ्याचं तुडूम दुरुस्तीत काँक्रीटनं बुजवलं आणि तिथे एक लोखंडी दांडा आला. दांडा वर्षभर दिसतो, पण किती उघडलंय ते कळत नाही.

मालगुजारी गेली १९५०-५१ साली. जायलाच हवी होती. मालगुजाराचं तळं म्हणजे रामराज्य नव्हतं, आणि पाळीवर माती टाकणारे बिनमजुरीनं राबत होते हे माझ्या आजोबांकडून मी ऐकलेलं आहे. त्यामुळे जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण त्या वेळी एक घोटाळा झाला, त्याची किंमत आपण अजून मोजतो आहोत. सरकारनं मालगुजाराकडून तळी घेतली आणि गावाला न देता स्वतःकडे ठेवली. मोठी पाटबंधारे खात्याकडे गेली, शंभर हेक्टरांपर्यंत भिजवणारी पुढे जिल्हा परिषदेकडे आली. लोकांना वाटत होतं की पाणी आमच्या निस्ताराच्या, म्हणजे गावाच्या वापराच्या हक्काचं, फुकटाचं. खात्याला वाटत होतं, मालक आम्ही, तेव्हा पाणीपट्टी आमची. भांडण मिटलं नाही. पट्टी वसूल होईना म्हणून दुरुस्ती होईना, आणि दुरुस्ती होत नाही म्हणून पट्टी कोण देतो! मालगुजार उन्हाळ्यात पाळीवरून फिरून घुशीचं बीळ शोधायचा. स्वार्थासाठी शोधायचा, पण शोधायचा. ते बीळ शोधणारा माणूस सत्तर वर्षांत आपण नेमलेला नाही.

गावाला न विचारता सरकारनं चालवलेल्या कामाचा दुसरा, मोठा नमुना वैनगंगेवर उभाच आहे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते झाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्चाचा आकडा हजारो कोटींवर गेला, आणि अडीच लाख हेक्टरांचं जे स्वप्न होतं ते अजून पाटापाटानं चाललंय. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, मी नाही लिहीत. मला त्याहून जास्त टोचतात ती लहान कामं. कारण मोठं धरण आपल्या हातचं नाही हे मान्य, पण नाल्यावरचा सिमेंट बंधारा तर आपल्या डोळ्यांदेखत होतो.

जलयुक्त शिवार घ्या. डिसेंबर २०१४ पासून दर वर्षी पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची, अशी घोषणा होती. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा अहवाल २०२० च्या सप्टेंबरमध्ये विधिमंडळात आला. ९,६३४ कोटी रुपये खर्चून पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात फारसा परिणाम नाही, असा त्याचा सूर होता. त्यांनी तपासलेल्या जिल्ह्यांत आपले नागपूर आणि बुलढाणाही होते. ज्या ८० गावांना पाण्याच्या ताळेबंदात बरोबरीची, म्हणजे गरजेइतकं पाणी असलेली, म्हणून जाहीर केलं होतं, त्यांतली २९ च खरी तशी निघाली. यावरून दोन पक्षांत जी चिखलफेक झाली ती झाली. पण एक साधी गोष्ट त्या गोंगाटात कोणी विचारली नाही. उरलेल्या ५१ गावांत तो ताळेबंद कोणी मांडला होता? गावात कोणाच्या वहीत आहे तो? आमच्या तालुक्यातल्या एका गावाचा ताळेबंद मी स्वतः पाहिला आहे. छान टाईप केलेला, सरपंचांची सही असलेला. त्यात शेजारच्या गावाची गुरं मोजली होती. सरपंचबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सही घेऊन गेले जी, कागद नाही दाखवला."

जेसीबी नाल्यात उतरला की गावात जत्रा भरते. मीही नारळ फोडलेले आहेत, खोटं कशाला बोला. खोलीकरण वाईट, असं माझं म्हणणं नाही. बुलढाण्यात तलावांचा गाळ आणि मुरूम रस्त्याच्या कामाला वापरून एका दगडात दोन पक्षी मारले, ते शहाणपणाचंच झालं. पण यंत्राचं काम ताशी मोजता येतं, बिल निघतं, मार्चच्या आत पैसा खर्ची पडतो. चार भावकींना एका झाडाखाली बसवून 'उन्हाळी धान यंदा किती एकर' हे ठरवायला सहा बैठका लागतात, आणि सहा बैठकींच्या चहाचं बिल कुठल्याच अंदाजपत्रकात बसत नाही. म्हणून बैठका होत नाहीत. कार्यक्रमाचं पुढारपण कोणाकडे जातं ते इथेच ठरून जातं: ज्याच्याकडे यंत्र आहे, आणि ज्याची यंत्रवाल्याशी ओळख आहे, त्याच्याकडे.

हे आपलंच दुखणं आहे असं समजू नका. नेपाळच्या डोंगरात शेतकऱ्यांनी दगड-फांद्या-मातीचे बांध घालून काढलेले शेकडो पाट आहेत. दर पावसाळ्यात बांध वाहून जातो, दर वर्षी गाव तो पुन्हा घालतं. परदेशी मदतीतून त्यांतल्या काहींना पक्के काँक्रीटचे बांध करून दिले. एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सोबत्यांनी असे बरेच पाट अभ्यासले तेव्हा दिसलं की कच्च्या बांधांच्या पाटांवर शेवटच्या टोकाला पाणी पोचत होतं आणि पक्क्या बांधांवर ते तितकं पोचत नव्हतं. कारण ऐकलं की आपल्याच गावचं वाटतं. बांध कच्चा होता तोवर तो घालायला वरच्या शेतकऱ्याला खालच्याचे हात लागत. हात हवेत तर पाणी द्यावं लागे. काँक्रीट आलं, खालच्याची गरज संपली, पाणीही संपलं. ऑस्ट्रॉमबाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच, सामायिक मालमत्ता लोक स्वतः कशी सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. आमच्या तुडूमावर काँक्रीट ओतणाऱ्याला हे माहीत असण्याची अपेक्षा नाही. पण त्याचा आराखडा मंजूर करणाऱ्यानं एकदा तरी पाटाच्या टोकाला जाऊन उभं राहावं.

श्रीलंकेतली गल ओया तर त्याहून अवघड जागा. मोठं धरण, मोडकळीला आलेले कालवे, वरच्या बाजूला सिंहली शेतकरी आणि खालच्या टोकाला तमिळ. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे कालवे दुरुस्तीचा कार्यक्रम निघाला. त्यात एक वेगळं केलं. शिकलेली पण बेकार तरुण पोरं निवडून शेतकऱ्यांमध्ये राहायला पाठवली. त्यांनी समित्या स्थापन करायची, पदं वाटायची घाई केली नाही. आधी चाऱ्या साफ करायला लोक एकत्र आले, मग पाळीपाळीनं पाणी घ्यायला लागले, मग कुठे प्रतिनिधी निवडले, तेही मतदानानं न निवडता एकमतानं. त्या देशात सिंहली-तमिळ दंगली पेटत होत्या, आणि या कालव्यावर वरचे सिंहली शेतकरी वाचवलेलं पाणी खालच्या तमिळांकडे सोडत होते. आपल्याकडे क्रम उलटा. आधी समितीचा ठराव, पदाधिकारी, बँक खातं, शिक्का. काम मिळालं तर मिळालं, आणि ते संपलं की समितीही संपली. माझ्या घरातच अशा तीन समित्यांचे शिक्के पडून आहेत. पोरं त्यांनी खेळतात.

मोजणीचं काय करता येतं ते आंध्रानं दाखवलं. २००३ च्या सुमारास तिथल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीच पर्जन्यमापक वाचायचे, विहिरींची पातळी मोजायची आणि रब्बीच्या आधी एकत्र बसून गावातल्या पाण्याचा अर्थसंकल्प मांडायचा, असा कार्यक्रम झाला. कोणावर सक्ती नव्हती. भिंतीवर आकडे लिहिलेले, ज्यानं त्यानं बघून आपलं पीक ठरवायचं. कित्येकांनी पाणीपिऊ पिकं कमीही केली. बाहेरचा पैसा थांबल्यावर बऱ्याच ठिकाणी मोजणी मंदावली हेही खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मोजणाऱ्याला वर्षाला दोन-पाच हजार रुपये द्यायची सोय गावात उभी राहिली नाही तर आकडे कोण लिहिणार? घरचं खाऊन लष्कराच्या भाकरी भाजणारे एक-दोन वर्षं भाजतात.

आपल्याकडे त्याच वाटेनं अटल भूजल योजना आली, २०१९ च्या डिसेंबरात. अमरावती जिल्हा तिच्यात घेतला गेला आणि तिथे तिची गरज किती आहे ते वरूडच्या माणसाला सांगायला नको. संत्र्याच्या बागा, पाचशे-सातशे फुटांच्या बोअर, आणि पाणी आणखी खाली गेलं की आणखी एक बोअर. पाणी फाउंडेशनच्या २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत तीनच तालुके होते, त्यांतलं एक वरूड. पंचेचाळीस दिवस लोकांनी उन्हातान्हात श्रमदान केलं, ते पाहून माझ्यासारख्याचेही डोळे भरून आले होते. पण श्रमदानानं अडवलेलं पाणी पुढच्या वर्षी कोणाच्या बोअरमध्ये गेलं? ज्याची बोअर खोल त्याच्या. ज्यानं टोपलं उचललं त्याच्या विहिरीत ते आलंच असं नाही. पाणी अडवायला गाव एक होतं, उपसायला ज्याचा तो. महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा, अमलात २०१४ पासून. त्यात खोल विहिरींवर बंधनं आहेत. गावात बोअरची गाडी रात्री येते, आणि रात्री गाडी थांबवणारा कायदा मी अजून पाहिलेला नाही. ती थांबवू शकतात शेजारीच. आणि शेजाऱ्याला थांबवण्याचा अधिकार देणारा कागद त्यांच्याकडे नाही.

इथे माझ्या एका मित्राचा आक्षेप येतो. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला इंजिनिअर, माणूस प्रामाणिक. तो म्हणतो, "गावाच्या हाती चाक दे, मग बघ. ज्याची काठी त्याची म्हैस. निदान आमच्या कपाटात असलं तर सगळ्यांना सारखं दूर." हसण्यावारी नेण्यासारखं हे नाही. गावात जात आहे, भावकी आहे, वरची बांधी आणि खालची बांधी आहे. गेट उघडायचा अधिकार ज्याच्या दारात, तिथे मतं मागायला यायची पाळी येईल. म्हणून मी 'गावाकडे द्या' असं मोघम म्हणत नाही. पाणी मोजून द्यायचं, संस्थेला द्यायचं, आणि संस्थेनं आपसात वाटायचं, असा सिंचन पद्धतींच्या शेतकऱ्यांकडून व्यवस्थापनाचा कायदा २००५ सालीच झालेला आहे. त्यात टोकाच्या शेतकऱ्याला जागा आहे, महिलांना जागा आहे. नाशिककडे वाघाडच्या धरणावर तर हे कायद्याच्याही आधीपासून चालू आहे. आमच्याकडे तो कायदा फायलीत चांगला टिकला आहे. मामा तळ्यांच्या बाबतीत तर कोणत्या खात्याची फाईल, यावरच वर्षं जातात.

आणि माझ्या मित्राच्या म्हणण्यात एक गोम आहे. कपाटातलं चाक सगळ्यांना सारखं दूर नसतं. ज्याच्याकडे डिझेल इंजिन आहे त्याला चाक लागतच नाही.

शेतकऱ्यांचं बोलणं झालं, पण तळ्यावर फक्त शेतकरी जगत नाहीत. आमच्या गावात ढीवरांची साठेक घरं आहेत, बांधी जवळजवळ कोणाचीच नाही. त्यांची मासेमारी संस्था तळं ठेक्यानं घेते, कतला-रोहूचं बीज सोडते. उन्हाळी धानवाल्यांनी एप्रिलमध्ये तळं तळाशी नेलं की मासे मरतात आणि ठेक्याचे पैसे बुडतात. शिवाय कडेला बेशरमाची झुडपं माजलेली, आत गाळ, आणि जिथे पूर्वी मरळ मिळायची तिथे आता चिखलात म्हशी. जिल्ह्यात काही तळ्यांवर ढीवर बायांनीच बेशरम उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि मग देशी मासे परत आले. कुठल्या झाडाखाली कुठला मासा अंडी घालतो हे त्यांना पाठ. पण पाणी वाटपाच्या बैठकीला त्यांना बोलावणं जात नाही, कारण वहीत नोंद सातबाऱ्यावरून होते. १९९२ च्या डब्लिनच्या जलपरिषदेनं पाण्याच्या कारभारात बायांचं स्थान मध्यवर्ती म्हणून जाहीर केलं, जगानं मान डोलावली. आमच्या पाळीपर्यंत ते यायला सातबारा आडवा आला.

दोन वर्षांपूर्वी ढीवरांतली एक म्हातारी न बोलावता बैठकीला आली. मागे बसली, बराच वेळ ऐकलं. उन्हाळी धान किती एकर यावर दोन पुढारी हातघाईवर आले तेव्हा उठून म्हणाली, "पाणी किती ठेवाचं ते आधी सांगा ना जी. किती न्याचं ते मंग पाहू." पंचवीस वर्षं मी पाण्याच्या सभांना जातो आहे, कार्यशाळांना गेलो आहे, नाश्त्याची पाकिटं खाल्ली आहेत. आधी किती ठेवायचं, हा प्रश्न मी कुठल्याच आराखड्यात पहिल्या पानावर पाहिला नव्हता. सुधाकरराव नाईक आमच्या विदर्भातलेच, पुसदचे. त्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात १९९२ साली राज्याला जलसंधारणाचं वेगळं खातं मिळालं. तीस वर्षांत त्या खात्यानं अडवा आणि जिरवा घरोघरी पोचवलं. ठेवा आणि वाटा अजून राहिलंय.

त्या बैठकीनंतर सांडव्याच्या भिंतीवर आम्ही ऑइलपेंटनं फुटाच्या खुणा केल्या आणि खालून चौथ्या फुटावर एक लाल रेघ मारली. त्याखालचं पाणी शेताला नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनी पाळलं, कारण पाऊस चांगला होता. यंदा मार्चमध्येच पाणी रेघेपासून हातभर वर आहे आणि चाळीस एकर उन्हाळी धान उभा आहे. रोज संध्याकाळी पाळीवर माणसं जमतात, रेघेकडे बघतात आणि गप्प बसतात. दर एकरी शंभर रुपये वर्गणी ठरली होती, ती अर्ध्यांनीच दिली आहे. त्यातूनच पाळीवर फिरणाऱ्या पोराला पैसे देतो. त्यानं परवा घुशीचं एक बीळ शोधून बुजवलं.

चाकाचं सांगायचं राहिलं. कपाटातलं कपाटातच आहे. आम्ही लोहाराकडून मापाला माप लावून दुसरं करून घेतलं, वर्गणीतूनच. ते बेकायदेशीर आहे हे मला माहीत आहे, साहेबांनी हा लेख वाचला तर त्यांनाही कळेल. कोणाच्या घरी ठेवायचं यावर तीन बैठका झाल्या. शेवटी ज्यांची तळ्याखाली एकही बांधी नाही अशा घरी ठेवावं असं ठरलं, तेव्हा ते गेलं ढीवरटोलीत, त्या म्हातारीच्या छपराला जाळ्याशेजारी टांगून. परवा दोघे धानवाले चाक मागायला गेले होते. तिनं त्यांना चहा पाजला, आणि पोराला सांडव्यावरचा आकडा बघून यायला पाठवलं.